आपण पाठ फिरवल्यावर काय होतं?
(कौटुंबिक अभ्यास : कामाच्या ठिकाणी आपली नेतृत्वाची पद्धत ओळखणं)



या महिन्याच्या अभ्यासाचा विषय वाचला आणि लेख मी लिहावा असं ठरलंय हे कळलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी बी.ए. झाले, पण एक दिवस नोकरी केलेली नाही. आपल्या ग्रुपमध्ये बँकेतले दादा आहेत, शाळा सांभाळणाऱ्या ताई आहेत, हिऱ्याच्या कारखान्यात दोनशे माणसांवर असलेले दादा आहेत. लीडरशिपवर त्यांनी लिहावं, मी काय लिहिणार? पण त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचा मुलगा रविवारी घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "मावशी, मी नोकरी सोडतोय."

त्याला विचारूनच हे लिहितेय, नाव तेवढं लिहीत नाही. पांडेसऱ्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये तो फोल्डिंग खात्यात आहे. चार वर्षं चेकिंगला बसला. माल बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सात महिन्यांपूर्वी शेठनी त्याला सुपरवायझर केलं. हाताखाली बावीस कारीगर. काही आपले खानदेशी, काही ओडिया, काही यूपी-बिहारचे. आधीचे सुपरवायझर भरदार आवाजाचे होते, पूर्ण खात्यात त्यांचाच आवाज. शेठनी याला पहिल्याच दिवशी सांगितलं, सुपरवायझर झालास तर आवाज पाहिजे.

आमचं पोरगं मुळात हळू बोलणारं. तरी त्याने आवाज काढला. सात महिने ओरडला. तो उभा असला की काम झपाझप. तो चहाला गेला, फोनवर बोलायला बाहेर गेला, की डॅमेज कापड चांगल्याच्या घडीत जायला लागलं. लगनसराच्या ऐन गर्दीत मार्केटमधून पूर्ण लॉट परत आला आणि शेठनी त्याला सगळ्या कारीगरांसमोर बोलून घेतलं. डिंडोलीतल्या घराचा हप्ता चालू, घरात लहान बाळ, आणि हा म्हणतो, "माझ्यात ते नाहीच गं. मला परत चेकिंगला बसवा म्हणून सांगतो, नाहीतर गावी जातो."

मला तेव्हा काही सुचलं नाही. वाढत राहिले. रात्री मात्र आपल्या सुरतचीच एक गोष्ट आठवली. ग्रुपमधल्या तरुण मुलांना ती माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

*1994 चं सुरत*

सप्टेंबर 1994. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी कडेवर. गणपती विसर्जन होऊन दोन-चार दिवस झाले असतील आणि प्लेगची बातमी आली. त्या वर्षी पाऊस खूप झाला होता, तापीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं, ओसरल्यावर चिखल आणि मेलेली जनावरं तशीच पडलेली. वेड रोड, कतारगामच्या बाजूला माणसं आजारी पडायला लागली. पन्नासहून जास्त माणसं गेली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. आम्हीही पळालो. तोंडाला रुमाल, पिशवीत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, आणि उधना स्टेशनवर भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. गावी पोचलो तर शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही सुरतेहून आलात ना?" आणि दोन पावलं मागे सरकल्या. ते मी विसरलेले नाही.

परत आलो तेव्हा शहर तसंच घाण. मग मे 1995 मध्ये एस. आर. राव नावाचे अधिकारी महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आले. दीड-पावणेदोन वर्षांत, 1996 मध्ये, इंटॅक या संस्थेने सुरतला चंदीगडच्या खालोखाल देशातलं दुसऱ्या नंबरचं स्वच्छ शहर म्हटलं. ज्या शहराचं नाव काढल्यावर माणसं मागे सरकत होती, तेच शहर!

आता गंमत अशी, की रावसाहेबांबद्दल कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं बुलडोझर. बेकायदा बांधकामं पाडली, मोठ्या लोकांचीही सोडली नाहीत. अस्वच्छ हॉटेलांवर कारवाई, रस्त्यावर कचरा टाकला की दंड. हे सगळं खरं आहे. माझे सासरे तर कौतुकाने म्हणायचे, "माणूस कडक पाहिजे, राव पाहिजे." आणि मग घरात आवाज चढवायचे. आमच्या शेठनाही बहुतेक हेच आठवत असणार.

पण मी त्यांच्या कामाबद्दल जे वाचलं त्यात मला दुसरंच काही मोठं वाटलं. त्यांनी शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला जवळपास आयुक्तांचेच अधिकार दिले. म्हणजे गटार फुटलं तर कागद वरपर्यंत जाऊन सहीची वाट बघत बसायचं नाही, झोनमध्येच निर्णय, तिथेच खर्चाची मंजुरी. 'एसी टू डीसी' असा त्यांचा शब्द होता. एअर-कंडिशन केबिनमधून उठा आणि रोजच्या कामात उतरा. सकाळी सगळे अधिकारी रस्त्यावर, ते स्वतःही रस्त्यावर. दुपारी बैठक, सकाळी जे दिसलं त्यावर तेव्हाच निर्णय. कुठल्या सफाई कामगाराने कुठला तुकडा झाडायचा तेही मोजून ठरलेलं. मुख्य रस्ते रात्रीही झाडायला सुरुवात झाली.

बुलडोझर एक माणूस चालवू शकतो. रोज रात्री सगळं शहर झाडणं एका माणसाच्या धाकावर होत नाही. रावसाहेबांची दोनेक वर्षांत बदली झाली. ते गेल्यावर झाडू थांबला का? नाही थांबला. 2020, 2021, 2022 या तीनही वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात सुरत दुसरं आलं आणि 2023 च्या सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिलं. मधे कितीतरी आयुक्त आले-गेले, 2006 चा महापूरही येऊन गेला. आजही रात्री उशिरा रिंग रोडवरून येताना झाडणारी माणसं दिसतात. त्यांच्यातल्या तरुणांनी रावांचं नावही ऐकलं नसेल.

सकाळी मी भाच्याला फोन करून एवढंच विचारलं, "तू खात्यातून बाहेर गेलास की काय होतं, हे एकदा नीट लिहून काढ बरं."

*मुखवटे बनवणारी मुलं*

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. कॉलेजात मला मानसशास्त्र होतं, त्यात कुर्ट लेविन यांचा एक प्रयोग होता. लेविन जर्मनीतले ज्यू. हिटलर आल्यावर 1933 मध्ये देश सोडून अमेरिकेत गेले. एक माणूस हुकूम सोडतो आणि सगळा समाज मान डोलावतो हे त्यांनी जवळून बघितलेलं, त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी नुसता पुस्तकी नसावा असं मला वाटतं. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या दोघांबरोबर त्यांनी 1938-39 च्या सुमारास आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. मुलं मुखवटे वगैरे बनवायची. एका प्रकारचा गटप्रमुख सगळं स्वतः ठरवून हुकूम द्यायचा. दुसऱ्या प्रकारचा मुलांना विचारून, चर्चा करून काम वाटायचा. तिसरा नुसता हजर असायचा, करा तुम्हाला हवं ते.

तिसऱ्या गटाचं काम सगळ्यात कमी, ते तर आपण घरात बघतोच. हुकूमवाल्या गटात काम भरपूर झालं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण प्रमुख खोलीबाहेर गेला की त्या गटाचं काम एकदम खाली यायचं. विचारून काम करणाऱ्या गटात प्रमुख गेल्यावरही मुलं बऱ्यापैकी काम करत राहायची.

परीक्षेत हे मी पाठ करून लिहिलं होतं, मार्कही मिळाले. स्वतःला लागू करायला मात्र पुढे चाळीशी उलटावी लागली.

*माझी फजिती*

आपल्या उत्सवाच्या महाप्रसादाचं स्वयंपाकघर मी बरीच वर्षं सांभाळायचे. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. पीठ किती भिजवायचं, गव्हात मका किती, वरणाला डाळ किती, सगळं माझ्या डोक्यात. कोठीची किल्ली माझ्या कमरेला. मी कोणावर ओरडायचे नाही हो! उलट सगळ्यांत आधी यायचे, सगळ्यांत शेवटी जायचे. कोणी बट्टी वळायला बसली की म्हणायचे, "राहू दे ताई, तू दमशील, मी करते." लोक म्हणायचे, किती सेवाभाव! मलाही ते गोड लागायचं.

एका वर्षी उत्सवाच्या दहा दिवस आधी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. उत्सवाच्या सकाळी मला पंधरा फोन आले. डाळ किती टाकू? मोठं पातेलं कुठे? हिंगाचा डबा कुठे? किल्ली तर माझ्या कपाटात! दुपारी बारा वाजता बसणारी पंगत अडीचला बसली. मी पलंगावर पडून मनात म्हणत होते, बघा, माझ्याशिवाय चालत नाही. अभिमान वाटत होता मला. खरं सांगते.

संध्याकाळी एक ताई भेटायला आल्या. वयाने माझ्याहून लहान, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. आठ वर्षं तुमच्या हाताखाली आहे. तुम्ही मला आजपर्यंत कोथिंबीर निवडण्यापलीकडे काही दिलं नाही. आज सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला काहीच येत नव्हतं."

मी कडक नव्हते म्हणून मला वाटायचं मी प्रेमाने काम करून घेते. प्रत्यक्षात मी करूनच घेत नव्हते, सगळं स्वतः करत होते. खोलीबाहेर गेल्यावर काम पडतं त्याला ओरडणं हे एक कारण, आणि गोड बोलून सगळं आपल्याच हातात ठेवणं हे दुसरं. हे दुसरं ओळखायला अवघड, कारण त्याला नावं चांगली मिळतात. आपल्या ग्रुपमधल्या आयांनी इथे क्षणभर थांबावं. ऑफिसातल्या दादांनीही, विशेषतः ज्यांच्या फोनवर सुट्टीच्या दिवशी सारखे मेसेज येतात त्यांनी!

पुढच्या वर्षी मी किल्ली त्या ताईंना दिली आणि स्वतः कोथिंबीर निवडायला बसले. पहिल्याच दिवशी एका पातेल्यातलं वरण खाली लागलं. वास आला तेव्हा माझे पाय आपोआप उठले होते. कसं बसून राहिले माझं मला माहीत. त्यांनी त्यांचं पातेलं बदललं, वरचं वरण काढून घेतलं, पंगत बसली. त्या वर्षी मी प्रमाण वहीत लिहून दिलं, 100 माणसांना 15 किलो पीठ वगैरे. आधीच लिहून द्यायला काय हरकत होती, या प्रश्नाला माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही.

*दुसऱ्याचा अंगरखा*

भाच्याची चूक वेगळी होती. त्याने आपल्या मापाचा नसलेला अंगरखा घातला होता. तशी वेळ आली की मी किर्लोस्करांची गोष्ट सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले, भावाबरोबर सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. नांगर सुरुवातीला कोणी घेईना, लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

त्या माळावर रात्रीचा पहारा द्यायला लक्ष्मणरावांनी कोणाला ठेवलं? तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना. ज्यांना गावात कोणी उभं करत नव्हतं त्यांच्या हातात कारखान्याची राखण दिली, आणि त्यांनी ती केली. विश्वास टाकणं हा लक्ष्मणरावांचा स्वभाव होता, तीच त्यांची काम चालवण्याची पद्धत झाली. हीच युक्ती रावसाहेबांनी 1995 मध्ये सुरतेत केली असती, हॉटेलवाल्यांवर नुसता विश्वास टाकला असता, तर? काही झालं नसतं. आणि लक्ष्मणरावांनी माळावर बुलडोझरी स्वभाव दाखवला असता तर माणसं टिकली नसती. पण सारखेपणाही बघा. दोघांनीही दुसऱ्याच्या हातात खरीखुरी सत्ता दिली. एकाने सहीची, दुसऱ्याने राखणीची.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये यावर जे मांडलं ते तर आपल्याच घरातलं वाटतं. आईबाप मूल वाढेल तसे वागणं बदलतात, हाच दाखला त्यांनी घेतला. नवीन माणसाला स्पष्ट सांगायचं, थोडा रुळला की का ते पटवायचं, मग त्याच्याबरोबर बसून ठरवायचं, आणि तयार झाला की सोपवून बाजूला व्हायचं. पंचवीस वर्षांच्या मुलाला कोणी भरवत नाही. (काही घरांत भरवतात, तो वेगळा लेख होईल.) म्हणजे स्वभाव आपला एकच असला तरी समोरच्या प्रत्येकाशी वागणं एकच असून चालत नाही.

*भाच्याची वही*

त्याने आठवडाभर लिहिलं. मी बाहेर गेल्यावर काय होतं, आणि दुसरा प्रश्न मी मागाहून दिला होता, माणसं तुझ्याकडे आपणहून कशासाठी येतात. वही घेऊन आला तेव्हा पहिलं पान निराशेचंच होतं. दुसऱ्या पानावर मात्र मी बोट ठेवलं. कारीगर त्याच्याकडे बँकेचा कागद वाचून घ्यायला येत होते. आधारमधलं नाव दुरुस्त कसं करायचं, विचारत होते. आणि दोन नवीन ओडिया मुलं जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारत होती, "साहेब, हा डाग छपाईचा की तेलाचा, तुम्हाला लगेच कसं कळतं?"

मी म्हटलं, "अरे, तू मास्तर आहेस रे! तुझ्याकडे माणसं शिकायला येतात आणि तू त्यांच्यावर ओरडतोस."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण शेठना आवाज पाहिजे." ती अडचण खरी आहे, मी ती झटकली नाही. आम्ही ठरवलं ते एवढंच. पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं सगळ्यांना कालचा डॅमेज माल दाखवायचा, कोणाचा ते न सांगता. चार टेबलांवर चार जुने कारीगर नेमायचे. घडीत माल घालायचा की बाजूला काढायचा हे त्या टेबलावर तेच ठरवणार, हा मधे पडणार नाही. आणि डॅमेज काढून दाखवला म्हणून कोणाला बोलणी बसणार नाहीत. आधी बसत होती, म्हणून तर माल लपत होता! हे त्याचं त्यालाच लिहिता लिहिता कळलं, मी सांगितलेलं नाही. हेतूने लपवणाऱ्याला मात्र कामावरून दूर करायचं, तिथे मऊपणा नाही.

दोन महिने झाले. सगळं छान झालं असं लिहिणार नाही. दोघे काम सोडून गेले, एका टेबलाचा जुना कारीगर स्वतःच छोटा शेठ होऊन बसला, त्याला बदलावं लागलं. पहिल्या पंधरवड्यात डॅमेजचा आकडा उलट वाढला, कारण लपलेला माल वर आला, आणि ते दिवस शेठसमोर काढणं भाच्याला फार जड गेलं. तेव्हा तो रोज रात्री मला फोन करायचा. पण त्यानंतर मार्केटमधून लॉट परत आलेला नाही. शेठ अजून म्हणतात, लडका नरम है. गेल्या आठवड्यात बाळाला ताप होता म्हणून हा दोन दिवस गेला नाही. परत गेल्यावर त्याने आधी काय बघितलं असेल? डॅमेजची वही. दोन्ही दिवसांच्या नोंदी होत्या, चारही टेबलांच्या सह्यांसकट.

नोकरी सोडायचं सध्या तरी बोलत नाही.

*या महिन्याचा गृहपाठ*

घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने, आणि घर चालवणाऱ्या ताईंनीही, आठ दिवस रोज रात्री दोन ओळी लिहायच्या आहेत. आज मी नसताना काय झालं, किंवा मी मुद्दाम बाजूला झाल्यावर काय झालं. आणि आज माझ्याकडे कोण, कशासाठी आपणहून आलं. दुसऱ्यांबद्दल लिहायचं नाही, स्वतःबद्दलच. ऑनलाइन चाचण्या भराव्यात असं काहींनी सुचवलं आहे. मी एक भरून पाहिली. त्यात मी मला हवी तशी उत्तरं दिली आणि मला हवा तसा निकाल आला.

ज्यांच्या हाताखाली कोणीच नाही त्यांनी आपल्या वरच्या माणसाबद्दल लिहायला घेऊ नये, मोह होतो. घरात, सोसायटीत, गणपतीच्या वर्गणीच्या वेळी कुठे ना कुठे आपल्या शब्दावर दोन माणसं हलतातच, ते लिहा.

चौथ्या रविवारी अभ्यासवर्गाला वह्या आणा. वाचून दाखवायची सक्ती नाही. माझी वही मी आणणार आहे. तिच्या मागच्या पानावर वरण-बट्टीचं प्रमाण लिहिलेलं आहे, 50 माणसांपासून 500 पर्यंत. ज्यांना हवं असेल त्यांनी उतरवून घ्या, फोटो काढला तरी चालेल.

आपली,
एक सेवेकरी ताई, सुरत